नर्सबाई आणि गाठींची जादू

"बसत नाई भाऊ, निघालीच मी."

हे वाक्य आमच्या नर्सबाई दिवसातून निदान दहा वेळा म्हणत. म्हणताना एक पाय जमिनीवर, दुसरा सायकलच्या पायडलवर. म्हणून झाल्यावर पुन्हा अर्धा तास तिथंच उभ्या राहून बोलत, पण बसत मात्र नसत. आमच्या सरकारी दवाखान्यात दोन खुर्च्या होत्या, एक माझी आणि एक त्यांची. त्यांच्या खुर्चीवर मी औषधांची खोकी ठेवायला लागलो, तरी त्यांच्या ते लक्षात आलं नाही. पायाला भिंगरी लागलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. या बाईंच्या डोक्यातही भिंगरी होती, एवढाच फरक.

मी तिथं कंपाउंडर होतो. मध्य प्रदेशात, सौसर आणि रामाकोना यांच्यामधलं गाव. नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात गावाची काही शोभा नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डॉक्टरसाहेब सौसरहून आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मी आणि बाई. बाई पांढुर्ण्याच्या, तिशीच्या, एकट्या राहायच्या. चार गावांची लस, गोळ्या आणि बाळंतपणं त्यांच्याकडे होती. आणि एक कादंबरी.

कादंबरीचा शोध मला अपघातानं लागला. आमच्याकडे टीकाकरणाच्या, म्हणजे लसीकरणाच्या, जुन्या, रद्द झालेल्या फॉर्मांचे गठ्ठे पडून होते. पुढची बाजू हिंदीत छापलेली, मागची कोरी. एकदा मी त्यातला एक कागद गोळ्यांची पुडी बांधायला घेतला, तर मागे मराठीत लिहिलेलं: 'त्या नगरात दुखणं थांबवायला राजाची परवानगी लागत असे.' मी पुडी बांधायची थांबवली. बाई मागून आल्या आणि त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

"पुढं काय व्हते?" मी विचारलं.

"मलेच माहीत नाई अजून," त्या म्हणाल्या. "तुमचं अक्षर चांगलं हाय नं? नकला काढून द्या."

माणसाला कामाला कसं लावायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. लसीचा थंड डबा उंच टेबलावर असे. त्याच्या झाकणावर कागद ठेवून त्या उभ्यानं लिहीत, आणि मी शिकस्त करून कार्बन घालून तीन-तीन प्रती काढी. आमच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात अंगारा, गंडा, उतारा या शब्दांनाही मज्जाव होता. मी जादूची कादंबरी नकलतोय हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नोकरी सरकारी हाय नं तुही?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गोष्ट तुम्हाला थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मैना नावाची एक पंधरा वर्षांची मुलगी. तिला एक दिवस कळतं की दुसऱ्याच्या अंगातली कळ आपण ओढून दोऱ्याच्या गाठीत बांधू शकतो. गाठ बसली की माणूस मोकळा. पण ही जादू राजानं बंद केलेली, करणाऱ्याला सजा. म्हणून नगरातल्या सात बायकांची एक छुपी मंडळी असते. त्यांचे नियम तीन. गाठ एकटीनं सोडायची नाही. ज्याची कळ घेतली त्याला सांगायचं नाही. आणि कोणी विचारलं, तर हसून म्हणायचं, ही तर नुसती गोष्ट आहे. एकमेकींना ओळखायची खूण म्हणजे अंगठा मुठीत लपवायचा.

बाई लस टोचायला जात तिथं पोरी जमत. मोहगावला, बोरगावला, आमच्या गावातल्या शाळेत. आठवी ते दहावीच्या. आधी प्रकरण वाचून दाखवायचं, मग गोळ्या वाटायच्या. ज्या पोरी लोहाच्या गोळ्या नाल्यात फेकत त्या आता मागून घेऊ लागल्या. डॉक्टरसाहेबांना याचं कोडं उलगडेना. कागद दप्तरातून, परकराच्या घडीतून, मक्याच्या टोपलीतून गावोगाव फिरू लागले. वेण्यांच्या रिबिनींना सात-सात गाठी दिसू लागल्या. हेडमास्तरांनी एकदा मला अडवून विचारलं, "ह्या पोरी मुठी आवळून काहून फिरून राहिल्या?" मी म्हणालो, थंडी असेल. दिवस वैशाखाचे होते.

त्या सात जणींत एक थोरली होती. कमरेला लांब दोर बांधणारी, अनवाणी चालणारी, आवाज न करता हसणारी. प्रत्येक जन्मलेल्या पोराला 'आला का पाहुणा' म्हणणारी. ही थोरली बाईंनी मनानं रचली नव्हती. आमच्या गावाच्या टोकाला टिनाच्या घरात राहणारी सुईणमाय त्यांनी जशीच्या तशी उचलली होती.

सुईणमाय विधवा, एकटी. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून दर बाळंतपणाला ती कमरेच्या सुती दोरात एक गाठ मारी. तिचा तो हिशेब. नर्स आणि सुईण म्हणजे विळ्याभोपळ्याचं नातं, असं तुम्हाला वाटेल. आमच्या बाईंचं तसं नव्हतं. अडलेल्या बाळंतिणीपाशी दोघी मिळून बसत. बाई त्या दोराकडे पाहत राहत. "भाऊ, त्या दोरात अख्खं गाव हाय," त्या मला म्हणत. त्यांचं सुईणमायवर प्रेम होतं, आणि प्रेमापोटीच त्यांनी तिला कादंबरीत घेतलं. घोळ तिथंच झाला.

अकरावं प्रकरण मी नकललं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, हे कबूल करतो. थोरलीला राजवाड्यासमोर अडवतात. ती कमरेचा दोर हातात घेते आणि एक गाठ सोडते. चाळीस वर्षांपूर्वीच्या बाळंतिणीची कळ मोकळी होते आणि सेनापती घोड्यावरून कोसळून जमिनीवर लोळू लागतो. पोरींनी हे प्रकरण पाठ केलं. माझ्या तीन प्रतींच्या त्यांनी तीस केल्या.

त्याच महिन्यात गिरणीवाल्याच्या थोरल्या सुनेचं बाळ तापानं आकडी येऊन निळं पडलं. आदल्या दिवशी तिची सुईणमायशी हातपंपावर बाचाबाची झाली होती. घरात नणंद नववीतली. ती वहिनीला म्हणाली, "तिनं गाठ सोडली असंन." बाईंनी ते बाळ मांडीवर घेऊन बसनं सौसरला नेलं आणि ते वाचलं. पण तोपर्यंत नणंदेचं वाक्य गावभर झालं होतं.

बघता बघता सुईणमायला बोलावणं बंद झालं. ती रस्त्यानं आली की बाया लेकरांना पदराखाली घेत. हातपंपावर ती आली की घागरी उचलून बाकीच्या मागे सरत, आणि ती गेल्यावर दांडा धुऊन घेत. वयस्क माणसं, जी तिच्या हातावर जन्मली होती, तीही तिच्या कमरेकडे पाहून वाट बदलत. एका भर दुपारी तिच्या टिनावर दगड पडला.

पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगड चालतात, हे तुम्हाला माहीत असेल. बाईंचं लहानपण फुटलेली डोकी बांधताना पाहण्यात गेलेलं. तो दगड घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवला. "आमच्या इकडं वर्षातून एक दिवस मारतात, भाऊ, अन् दोन्हीकडून मारतात," त्या म्हणाल्या. "हे एकीकडूनच चालू झालं. माह्या लिवण्यानं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या पटांगणात पोरींना गोळा केलं. मी सोबत होतो.

"पोरीहो, ऐका. ते सारं माह्या मनातलं हाय. गाठीत काई नसते. सुईणमाय साधी बाई हाय. ते नुसती गोष्ट हाय."

मग पहिल्या रांगेतल्या गिरणीवाल्याच्या मुलीनं हसून अंगठा मुठीत घेतला.

"हाव बाई. नुसती गोष्ट हाय."

मागच्या साऱ्या पोरींनी अंगठे मुठीत घेतले. त्यांच्या डोळ्यांत इतका विश्वास होता की मला पळून जावंसं वाटलं. तिसरा नियम बाईंनी स्वतःच लिहिला होता. आता त्या जितक्या वेळा नाही म्हणतील तितकं ते खरं ठरणार होतं. परत येताना त्या सायकलवर बसल्या नाहीत, सायकल हातात धरून चालत आल्या.

त्यात आणखी एक झालं. सुईणमायला कोणी बोलावेना, म्हणून बाळंतपणं बाईंकडे येऊ लागली. ब्लॉकच्या मीटिंगमध्ये डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर बाईंचं कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. बाई परतल्या त्या पांढऱ्या पडून. "लोकं म्हनतीन, इनं हे याच्यासाठीच लिवलं," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, असं कोणी म्हणणार नाही. दोन दिवसांनी म्हणू लागले.

याच सुमाराला नागपूरच्या एका प्रकाशकाचं पोस्टकार्ड आलं. बाईंनी त्याला दहा प्रकरणं पाठवली होती. त्यानं लिहिलं होतं, मुलांसाठी असं कोणी लिहीत नाही, शेवटची प्रकरणं धाडा, छापतो. ते कार्ड बाईंनी मला दाखवलं, पर्समध्ये ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. मग डब्यावर कागद ठेवला आणि एका बैठकीत, म्हणजे एका उभ्यात, शेवटचं प्रकरण लिहून काढलं.

मी ते नकलायला घेतलं आणि कार्बन बाजूला ठेवला. त्यात मैना थोरलीला म्हणते, साऱ्या गाठी सोड. थोरली सोडते. काहीच होत नाही. वारा नाही, वीज नाही, कोणी लोळत नाही. थोरली म्हणते, 'गाठीत कधीच काही नव्हतं, पोरी. मी मोजत होते.'

"बाई, तुमी वाट लावून राहिल्या याची," मी म्हणालो. खरंच मला राग आला होता. सहा महिने मी त्या मैनेबरोबर जगलो होतो. "कोन छापंन हे?"

"कोनी नाई छापंन. पोरी वाचतीन. माह्या तोंडावर त्यायचा विश्वास नाई, कागदावर हाय."

मी पुन्हा कार्बन घातला आणि नकला काढल्या. पण कागदावरही विश्वास राहिला नाही. पोरींनी ते प्रकरण वाचलं आणि निकाल दिला की हे बाईंनी लिहिलेलंच नाही, हे कंपाउंडरनं लिहिलंय, अक्षर त्याचंच आहे. आधीच्या अकरा प्रकरणांचं अक्षरही माझंच होतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. एक पोरगी तर मला वाटेत गाठून म्हणाली, "राजाचा मानूस हाय तुमी." मला हसावं की रडावं कळेना.

दगड पुन्हा पडला. या वेळी टिनावर नाही, दारात.

तेव्हा बाई सारे कागद घेऊन सुईणमायच्या घरी गेल्या. मीही गेलो. बाईंनी काही लपवलं नाही. "माय, तुह्यावर हे माह्याच्यानं आलं," म्हणाल्या. सुईणमाय तंबाखू मळत होती. ती म्हणाली, "वाच." दोन दुपारी बाई तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवत राहिल्या. ती ऐकताना खांदे हलवून हसायची, अकराव्या प्रकरणाला बाईंना थांबवून म्हणाली, "सेनापती कोन होता, आपला पटवारी का?" शेवट संपला तेव्हा बराच वेळ ती दोरावरून बोटं फिरवत राहिली.

"बेस लिवलं पोरी. पन तू कागदावर सोडून राहिली. लोकायले डोयानं पाह्याचं असते." ती उठली. "चाल."

हातपंपापाशी चिंचेखाली ओटा होता. तिसऱ्या प्रहरी पाण्याला गर्दी असे. सुईणमाय ओट्यावर बसली, कमरेचा दोर काढला आणि मांडीवर घेतला. बाया घागरी टाकून वीस पावलं मागे झाल्या. मी तुम्हाला सांगतो, मी विज्ञान शिकलेला, दीक्षेच्या घरातला माणूस, पण माझेही पाय मागे सरले होते.

गाठी सुटेनात. इतक्या वर्षांच्या घामानं आणि तेलानं त्या दगड झाल्या होत्या. बाईंनी मला दवाखान्यातून टाके घालायची सुई आणायला पिटाळलं. सुईच्या टोकानं बाईंनी गाठ सैल करायची आणि सुईणमायनं सोडायची, असं चालू झालं.

"हे सरुबाईचा पयला," सुईणमाय म्हणाली. गाठ सुटली. गर्दीत सरुबाई होती. तिनं पोटावर हात दाबला आणि तशीच उभी राहिली. "दुखून राहिलं का व?" सुईणमायनं विचारलं. सरुबाईनं मान हलवली, नाही.

"लिव," सुईणमाय बाईंना म्हणाली. "सुटलं तं मग ध्यानात कोन ठेवीन."

बाईंनी कादंबरीसाठी ठेवलेले कोरे कागद काढले. मग एकेक. याची थोरली, त्याचा धाकटा, जुळे, पायाळू, गाडीत झालेला, वावरात झालेली. पटवारी निघाला. शाळेचा हेडमास्तर निघाला. गिरणीवाला स्वतः निघाला. बाया एकेक पाऊल पुढं येत होत्या. आपलं नाव आलं की कोणी हसे. पोरी सगळ्यात पुढं येऊन बसल्या होत्या, मुठी उघड्या.

मग सुईणमायचा हात थांबला. दोरात अधूनमधून दुहेरी गाठी होत्या. पहिल्या दोन-तीन ती ओलांडून गेली होती. ते गिरणीवाल्याच्या थोरल्या सुनेनं पाहिलं.

"ते काहून नाई सोडत, माय?"

पोरींच्या मुठी पुन्हा वळल्या.

"याच्यातलं दुखनं बाकी हाय," सुईणमाय म्हणाली. "तुमचं नाई. माह्यं हाय. हे लेकरं राह्यले नाई, म्हून दोन गाठी."

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "नको सोडू माय. राहू दे." सुईणमायनं त्यांच्या हातातून सुई घेतली आणि स्वतः दुहेरी गाठ उकलायला लागली. सुई दोनदा बोटात गेली. गाठ सुटली तेव्हा तिनं एका बाईचं नाव घेतलं. मागून एक म्हातारी घागर खाली ठेवून पुढं आली आणि ओट्यावर तिच्याशेजारी बसली. पुढच्या दुहेरी गाठीला आणखी एक आली. अंधार पडायच्या आत ओट्यावर जागा उरली नव्हती. बाईंनी तीही नावं लिहिली. नाव नसलेल्या लेकरांपुढं आईचं नाव लिहिलं.

दोर सरळ झाला. सुईणमायनं तो कमरेला बांधला नाही, घडी करून बाईंच्या हातात दिला. त्यानंतर दगड पडले नाहीत. बोलावणं मात्र लगेच कोणी केलं नाही. माणसाला आपली चूक कळली तरी पाय उचलायला वेळ लागतो, हे मी तेव्हा शिकलो.

प्रकाशकाला बाईंनी काही पाठवलं नाही. त्याला छापता येईल असा दुसरा शेवट त्यांना लिहवलाच नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्या लसीचा डबा उचलून निघून गेल्या. कादंबरीचे दिवस संपले तसे पोरींनीही रिबिनींच्या गाठी सोडल्या. आणि दिवाळीच्या आधी बाईंची बदली झाली, डोंगराकडच्या गावांत. कोणीतरी वर तक्रार केली होती की नर्स सरकारी फॉर्मांचा गैरवापर करते. ती तक्रार शंभर टक्के खरी होती, त्यामुळे कोणाला काही करता आलं नाही.

जाताना त्यांनी कादंबरी ट्रंकेत घातली आणि नावांचे कागद दोऱ्यानं शिवून मला दिले. "हे इथलं हाय, भाऊ. इथंच राहू द्या." त्यांनी पत्ता कळवते म्हटलं आणि कळवला नाही. नागपूरला गेलो की पुस्तकांच्या दुकानांत मी पुढं कित्येक वर्षं मैनेला शोधत होतो. ती कुठंही छापून आली नाही. मला त्याची अजून चुटपुट लागते.

बाई गेल्यावर दोन आठवड्यांनी, ऐन ओपीडीच्या वेळी, सुईणमाय आत आली. इतक्या वर्षांत ती दवाखान्यात कधी आली नव्हती. रांगेतल्या माणसांनी तिला जागा दिली.

"बाई कुठं हाय?"

"गेल्या माय. बदली झाली."

"माहीत हाय. तरी इचारलं." ती जमिनीवरच बसली. "गिरणीवाल्याच्या धाकट्या सुनेले पोरगी झाली. सकाळी. थोरलीच मले बलावाले आली होती. लिव."

मी कागद काढले. "नाव काय लिहू?"

"ठेवलं नाई अजून. जागा सोड."

मी आईचं नाव लिहून पुढं जागा सोडली. वाटलं, आता उठेल. ती उठली नाही. "वाच," म्हणाली.

"हे एकच?"

"पयल्यापासून."

मी वाचायला लागलो. बाईंचं अक्षर उभ्यानं लिहिलेलं, घाईचं, दुसऱ्याच पानावर मी अडलो. सुईणमायनं डोळे न उघडता पुढचं नाव सांगितलं. पुन्हा अडलो, पुन्हा तिनंच सांगितलं. सगळी यादी तिला पाठ होती. तिला नावं नको होती, बाईंनी लिहिलेलं ऐकायचं होतं. रांगेत वीस-पंचवीस माणसं ताटकळत होती, त्यातली निम्मी त्या कागदांवर होती. कोणी घाई केली नाही, आणि मी सगळी पानं वाचली.